जुना विंच नीट करा, पण जोर वाढवू नका

साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरला जाणारा रस्ता केळघर मागे पडले की घाट चढू लागतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वर डोक्यावर, वेण्णेचे खोरे पायाशी, आणि मध्ये लाल मातीचा नि जांभ्याचा उतार, जो पावसाळ्यात कुठे ना कुठे खचतोच. अशा मुलखात जीपच्या पुढच्या बाजूला बसवलेला विजेवरचा विंच, म्हणजे दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढणारे यंत्र, ही निव्वळ मिरवण्याची वस्तू राहत नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या जीप नव्याने उभ्या करण्याची हौस महाराष्ट्रात वाढली आहे आणि तिच्याबरोबर जुने विंचही भंगारातून बाहेर येत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली या विंचांचे जे केले जाते, त्यात पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. मोटर मोठी बसवली जाते, वेग वाढवला जातो. ब्रेक, दोर आणि वीज तोडणारा स्विच मात्र जुनाच राहतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जुना विंच आहे त्याच ताकदीवर ठेवावा, सारा खर्च त्याला बिनधोक करण्यावर करावा, आणि असा विंच जावळीसारख्या डोंगरी तालुक्याच्या आपत्कालीन साधनांत मोजला जावा.

जुना विंच म्हणजे किती जुना, हे आधी पाहू. अमेरिकेतील वॉर्न ही कंपनी 1948 साली सुरू झाली, ती दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीपना सुटे करता येणारे हब पुरवण्यासाठी. 1959 च्या सुमारास तिने हौशी वाहनधारकांसाठी विजेवरचा विंच आणला. 1974 साली आलेला तिचा 8274 हा विंच आजही जाणकारांच्या तोंडी असतो. आठ हजार पौंडांची ओढ आणि 74 साल, असे त्याचे नावच सांगते. आठ हजार पौंड म्हणजे साधारण 3.6 टन. आपल्याकडे महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्यातून जोंगा बाहेर पडली, 1985 च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. सातारा-सांगलीत ज्या जीपगाड्यांनी वर्षानुवर्षे वडाप म्हणून माणसे वाहिली, त्यांच्याच भाऊबंदांवर हे विंच बसलेले आढळतात. लष्कराच्या लिलावातून आलेले काही 24 व्होल्टचे असतात आणि 12 व्होल्टच्या गाडीला ते तसेच जोडता येत नाहीत, हे घेतानाच पाहिलेले बरे.

आतून पाहिले तर हे यंत्र फारच सरळ आहे. गाडीचे इंजिन सुरू करणारी सेल्फची मोटर ज्या जातीची, त्याच जातीची याची मोटर: सीरिज वायंडिंगची, डीसी, थांबलेल्या अवस्थेतून जबरदस्त पीळ देणारी. तिच्यापुढे दात्यांची चाके, त्यांच्यापुढे दोर गुंडाळणारा ड्रम, आणि मध्ये एक यांत्रिक ब्रेक, जो मोटर थांबली की भार आपोआप धरून ठेवतो. बस्स. यात ना चिप आहे, ना सेन्सर. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा विंच उघडला की काय बिघडले आहे ते डोळ्यांना दिसते. ग्रीसचे मेण झालेले असते, ते रॉकेलने धुऊन काढावे लागते. कार्बन ब्रश झिजून स्प्रिंगची पकड सैल झालेली असते. कम्युटेटरवर काळा थर असतो आणि तांब्याच्या पट्ट्या खोलगट झालेल्या असतात. लेथवर त्याचा एक हलका हात घ्यावा लागतो आणि मग पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पातळ पात्याने तांब्याच्या पातळीखाली कोरून काढावा लागतो. तो वर राहिला तर ब्रश उड्या मारतात, ठिणग्या पडतात आणि महिनाभरात सगळे पुन्हा काळे. ऑइल सील बदलायचे, बुश नवे ओतून घ्यायचे, ड्रमच्या कडांवर तारेने पाडलेले ओरखडे घासून सपाट करायचे. विहिरीवरची मोटर जळाली की ती भरून देणारे कारागीर या भागात प्रत्येक बाजारगावात आहेत, सेल्फ आणि डायनॅमोवर हात बसलेले ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्यात लोखंड आणि तांबे हाताळण्याची सवय मुरलेली आहे. म्हणूनच जुन्या विंचची दुरुस्ती इथे होऊ शकते, आणि इथे झाली तर पुढच्या पावसाळ्यातही त्याला वाली असेल. केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली तेव्हा तिच्या विषयांत वाहने आणि शेतीची अवजारे यांचाही समावेश होता. तो हक्क कागदावर येईल तेव्हा येवो. ज्या यंत्राची दुरुस्ती गावातला माणूस आजही करू शकतो, ते निदान मोडीत काढू नये.

आता जोर वाढवण्याविषयी. चिखलात रुतलेली गाडी ओढायला किती जोर लागतो याचा ठोकताळा सैन्याने फार पूर्वी बसवलेला आहे. अमेरिकी लष्कराच्या वाहन-सुटकेच्या नियमपुस्तिकेनुसार चाकांच्या उंचीपर्यंत गाडी रुतली असेल तर तिच्या वजनाइतका, आणि मडगार्डपर्यंत रुतली असेल तर वजनाच्या दुप्पट विरोध धरावा. चढ असेल तर त्यात आणखी भर. समजा साडेतीन टनांच्या आसपासची रुग्णवाहिका रस्त्याची बाजू सोडून चिखलात उतरली आणि तिची चाके बुडाली. विरोध साडेतीन टन, शिवाय दहा टक्के चढाचे आणखी 350 किलो. 3.6 टनांचा विंच इथे हरला. तोही 3.6 टन देतो तो फक्त ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना. प्रत्येक वाढत्या थरागणिक दहा टक्क्यांच्या आसपास ओढ कमी होत जाते. हे गणित पाहून माणूस मोठ्या मोटरकडे वळतो. पण रुतलेल्या गाडीला एक कप्पी अडकवून दोर परत आपल्याच गाडीच्या मजबूत हुकाला आणला, तर तोच विंच घर्षणाची घट सोसूनही सहा टनांच्या पुढे ओढतो. मोटरवरचा भार निम्मा होतो आणि पूर्ण भाराला चारशे अँपिअरच्या वर जाणारा प्रवाह बराच खाली येतो. जुन्या जीपचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर तीस-चाळीस अँपिअरचा. बाकी सारा भार बॅटरीवर. त्या बॅटरीला चारशे अँपिअर आणि अडीचशे अँपिअर यांतला फरक चांगलाच कळतो. वेग निम्मा होतो, हे खरे. पण खड्ड्यातून गाडी बाहेर काढताना घाई करण्याचे काही कारण नसते. विहिरीवर रहाट बसवणाऱ्याला जे कळत होते, ते कारखान्यातून मोठी मोटर मागवणाऱ्याला कळू नये, याचे नवल वाटते.

मोटर दुप्पट ताकदीची केली तरी दाते तेच राहतात, शाफ्ट तोच, ब्रेक तोच आणि ज्या चॅसिसला हे सारे बोल्टने आवळले आहे ती चॅसिसही चाळीस वर्षांची तीच. साखळीची एक कडी जाड केल्याने साखळी मजबूत होत नाही. फक्त तुटण्याची जागा बदलते, आणि ती नवी जागा कुठे आहे हे तुटेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. जुन्या विंचचे ॲल्युमिनियमचे आवरण पायांजवळ चिरलेले असेल किंवा दात्यांवर तडे असतील, तर तो विंच खुशाल भंगारात घालावा. दुरुस्तीचा आग्रह म्हणजे मेलेल्याला उभे करण्याचा आग्रह नव्हे.

मग सुधारणा कशात करावी? पहिला क्रम दोराचा. आठ मिलिमीटर जाडीच्या पंचेचाळीस मीटर तारेच्या दोराचे वजन बारा किलोच्या आसपास भरते; त्याच कामाचा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीन धाग्यांचा दोर तीन किलोच्या आसपास. वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ताणलेली तार तुटली की ती साठवलेली शक्ती घेऊन चाबकासारखी परत येते. धाग्याचा दोर तुटला तर बहुधा जवळच पडतो. बघ्यांना हटवता येत नाही अशा आपल्या रस्त्यांवर हा फरक जीव वाचवणारा आहे. मात्र या दोराचे नखरेही आहेत. तो उन्हाने कमकुवत होतो, जांभ्याच्या धारेवर कापला जातो आणि दीडशे अंश सेल्सियसच्या आतच वितळतो. बऱ्याच आधुनिक विंचांत ब्रेक ड्रमच्या पोटात असतो आणि भार धरून दोर सोडताना ड्रम तापतो. 8274 सारख्या जुन्या रचनेत ब्रेक ड्रमच्या बाहेर आहे, म्हणून धाग्याच्या दोराला तो नव्या स्वस्त विंचापेक्षा अधिक मानवतो. जुनी वस्तू नव्या सामानाला कधीकधी अशी अनपेक्षितपणे जुळते. फक्त तारेने खरवडलेले पुढचे रोलर काढून तिथे गुळगुळीत तोंडाची जाड ॲल्युमिनियमची पट्टी बसवली पाहिजे, नाहीतर नवा दोर पहिल्याच ओढीत पिंजेल.

दुसरा क्रम विजेचा, आणि इथे मला सर्वात जास्त धोका दिसतो. जुन्या विंचांत मोटरची वीज चालू-बंद करणारे चार सोलेनॉइड असतात. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी त्यांच्या आतल्या तांब्याच्या तबकड्यांना खड्डे पडतात आणि एखाद्या दिवशी त्या एकमेकींना चिकटतात. मग रिमोटचे बटण सोडले तरी विंच ओढतच राहतो. हुक बंपरपर्यंत येतो, तरी ओढतो. त्या क्षणी बॅटरीची वायर तोडायला पाना शोधणारा माणूस केवळ नशिबावर हवाला ठेवून असतो. चारही सोलेनॉइड काढून त्यांच्या जागी एकच बंदिस्त, जड कॉन्टॅक्टर बसवणे आणि बॅटरीच्या वायरवर हाताने फिरवायचा, बाहेरून दिसणारा लाल स्विच बसवणे, एवढे केल्याशिवाय कोणताही जुना विंच नीट झाला असे म्हणू नये. शिवाय जाड तांब्याच्या केबल, सोल्डरऐवजी दाबून बसवलेले लग, आणि गाडीच्या पत्र्यावर भरवसा न ठेवता थेट बॅटरीपर्यंत नेलेली अर्थिंगची केबल. यातले काहीही फोटोत उठून दिसत नाही, म्हणूनच ते राहून जाते.

स्पर्धा खेळणारे यावर हसतील, हे मला ठाऊक आहे. गोव्यात 2014 पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या पावसाळी स्पर्धांत सेकंदाचा हिशेब असतो, आणि तिथे दोन मोटरींचे वेगवान विंच लागतात. त्यांना माझा आक्षेप नाही. तिथे मार्ग आखलेला असतो, तपासणी होते, डॉक्टर हजर असतो, बघे दोरीपलीकडे असतात, आणि विंच वर्षातून दोनदा पूर्ण उघडला जातो. अडचण आहे ती त्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहून घाटातल्या जीपला तसाच विंच बसवणाऱ्यांची. शर्यतीचे यंत्र आणि अडीनडीचे यंत्र यांची गरज वेगळी. अडीनडीच्या यंत्राने दहा महिने पडून राहावे आणि अकराव्या महिन्यात, मध्यरात्री, भर पावसात, पहिल्याच झटक्यात चालावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आज चिनी बनावटीचे नवे विंच इंटरनेटवर मागवता येतात आणि जुन्याच्या पूर्ण दुरुस्तीला अनेकदा तेवढाच खर्च येतो. एकट्या हौशी माणसाने हिशेब करून नवा घेतला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पण त्या विंचवर लिहिलेला बारा हजार पौंडांचा आकडा कोणी तपासला, दोन वर्षांनी त्याचा दाता कुठे मिळेल, त्याचा ब्रेक कोण भरून देईल, हे प्रश्न विकणाऱ्याला विचारून पाहावेत. 8274 चे सुटे भाग पन्नास वर्षांनंतरही मिळतात. 2018 मध्ये कंपनीने आपल्या सत्तराव्या वर्षानिमित्त त्याच विंचची सुधारित आवृत्ती काढली, यावरून मूळ रचनेचा दम कळावा.

तिसरा आक्षेप सर्वात आपल्या मातीतला: जेसीबी बोलवा की! ट्रॅक्टर आहे, साखळदंड आहे, विंच कशाला? ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर पाचशे पावलांवर मिळतो, हे खरे. मात्र ट्रॅक्टरची ओढ त्याच्या चाकांच्या पकडीवर अवलंबून असते, आणि ज्या चिखलाने पहिली गाडी गिळली तोच चिखल ट्रॅक्टरच्या चाकाखाली असतो. विंचची गाडी मागून बांधून, चाकांना दगड लावून पक्क्या जमिनीवर स्थिर उभी राहते. ओढतो तो दोर. जेसीबी ताकदवान आहे, पण तो संथ आहे आणि दोन दरडींच्या मध्ये अडकलेल्या रस्त्यावर तो पोहोचतच नाही. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे येथे दरडी घरांवर आल्या, आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला. रस्तेच नाहीसे झाल्यामुळे मदत पोहोचायला वेळ लागला. अशा वेळी आडवे पडलेले झाड बाजूला ओढणारी, रुतलेली गाडी मोकळी करणारी एखादी जीप दरडीच्या अलीकडच्याच गावात असणे, याला किंमत आहे. ती जेसीबीची जागा घेणार नाही; जेसीबी येईपर्यंतचे तास ती भरून काढेल.

इथेच एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. गाडीच्या विंचने माणसे उचलू नयेत, दरीत सोडू नयेत. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस शेकडो फूट खाली गेली आणि तिच्यातला एकच जण वाचला. तेव्हा दरीत उतरले ते महाबळेश्वर आणि परिसरातले ट्रेकर, आणि ते दोरखंड, हार्नेस आणि माणसांच्या हातांच्या बळावर. तेच योग्य होते. विंचच्या ब्रेकला माणसाच्या भारासाठी लागणारे सुरक्षेचे प्रमाण नसते आणि चालवणाऱ्याला दोरावरचा ताण हाताला कळत नाही. ट्रेकरांना पर्याय म्हणून विंच पुढे करणारा कोणी भेटला, तर त्याला त्या यंत्राची समज नाही असे खुशाल समजावे.

कायद्याचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना गाडीपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी बुलबारविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले. पादचाऱ्याला इजा होते आणि एअरबॅगच्या कामात अडथळा येतो, ही कारणे रास्त होती. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा कडक अर्थ लावला: उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. विंच बसवायला जड लोखंडी बंपर लागतो आणि तो पोलिसाच्या नजरेत बुलबारच दिसतो. यावर माझे उत्तर ‘कायदा बदला’ हे पहिले नाही. विंच एका चौकटीवर बसवून गाडीच्या मागच्या ट्रेलर-हुकात अडकवता येतो. साठ किलोंच्या घरातली ही वस्तू दोघे उचलू शकतात आणि एरवी ती गाडीत पडून राहते. पादचाऱ्याचा धोका टळतो. तरीही मागच्या चौकटीला परवानगी आहे की नाही, हे परिवहन विभागाने स्पष्ट शब्दांत सांगावे; निदान प्रशासनाच्या यादीतल्या गाड्यांना तरी तसा लेखी दाखला मिळावा. 2021 च्या व्हिंटेज नियमांचा आधार इथे लागू नाही. पन्नास वर्षांवरील गाडीला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो खरा, पण मग ती प्रदर्शन नि रॅलीपुरतीच रस्त्यावर यायची. आणखी एक. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपली. ही वाहने भंगार केंद्रात जातात तेव्हा त्यांच्यावरचे विंचही त्यांच्याबरोबर जाण्याची शक्यता आहे. गाडीचे वय झाले म्हणून अवजाराचे होत नाही. जिल्हा प्रशासनाने ते आधी उतरवून घ्यावेत आणि तपासून ठेवावेत.

निसर्गाची बाजू घेणारे विचारतील की विंच हाती आला की लोक सड्यांवर गाड्या घालतील, त्याचे काय? ही भीती पोकळ नाही. कासचे पठार, असाच एक सडा, 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर बोटभर आहे आणि एकदा चाकाने खरवडला की वर्षानुवर्षे भरत नाही. झाडाला विंच बांधतानाही तेच: जांभ्यावर उभ्या असलेल्या झाडाची मुळे पसरट असतात, पावसाने भिजलेल्या मातीतून ते झाडच उखडून येऊ शकते, आणि साखळी थेट खोडाला आवळली तर साल कापून झाड उभ्या उभ्या मरते. रुंद पट्टा, बुंध्याशी, आणि शक्य तिथे झाडाऐवजी दुसरी गाडी, हा नियमच असला पाहिजे. हौसेसाठी सड्यावर जाऊन रुतलेल्या गाडीला मदत जरूर करावी, पण त्याचा दंड वन विभागाने वसूल करावा. विंच आहे म्हणून कुठेही घुसता येते असे मानणाऱ्याला विंच देऊ नये, या मताचा मी आहे.

चालवणार कोण, हा प्रश्न मला सर्वात सोपा वाटतो. आपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे सैन्याच्या ईएमई म्हणजे यांत्रिकी दलातून निवृत्त झालेली माणसे शोधावी लागू नयेत. रुतलेले वाहन सोडवणे हा त्या दलात स्वतंत्र व्यवसाय आहे. दोर कोणत्या कोनात लावायचा, ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी का टाकायची आणि बघ्यांना किती लांब उभे करायचे, हे त्यांना शिकवावे लागणार नाही. तरुण जीपवाल्यांनी त्यांच्याकडून दोन दिवस शिकले तरी पुष्कळ. पावसाळ्याआधी तहसील पातळीवर आढावा बैठका होतात आणि तिथे जेसीबीवाल्यांचे, बोटींचे, पट्टीच्या पोहणाऱ्यांचे फोन नंबर लिहून घेतले जातात. जावळीच्या, म्हणजे मेढ्यातल्या यादीत विंच असलेल्या गाड्यांचेही एक पान जोडता येईल: गाडी कोणत्या गावात असते, विंचची क्षमता किती, दोर कधी बदलला, भार देऊन शेवटची चाचणी कधी झाली, वीज तोडणारा स्विच कुठे आहे आणि चालवणारा कोण. ज्याला हे सगळे रकाने भरता येणार नाहीत त्याची गाडी त्या पानावर घेऊ नये, मग विंच कितीही चकचकीत असो.